नवीन स्टिरिओ: चावी काढली की सेटिंग पुसतं, आवाज वाढवला की रीस्टार्ट होतो

प्रश्न

नवीन टचस्क्रीन स्टिरिओ बसवला आहे. गाडीच्या मूळ कपलरला (वायरींच्या जोडणीच्या प्लगला) आयएसओ अडॅप्टर, म्हणजे ठरलेल्या पिनांचा जोडप्लग लावला, वायर कुठेही कापलेली नाही. चावी काढून परत लावली की घड्याळ, साठवलेली स्टेशनं, ब्लूटूथ सगळं पुसलेलं असतं. शिवाय आवाज अर्ध्यापुढे नेला की बासच्या ठोक्याला स्क्रीन काळी होते आणि लोगोपासून पुन्हा सुरुवात. बॅटरीवर इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, सुरू असताना १४.१. फ्यूज शाबूत आहेत, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नाही. आधी काय तपासू?

उत्तर १

मेमरी पुसली जाते म्हणजे पिवळ्या वायरला कायमचा सप्लाय मिळत नाही. स्टिरिओच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) पिवळी कायम १२ व्होल्टची, लाल चावीवरची, काळी अर्थची, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी. मुख्य करंट पिवळीतून जातो. लाल फक्त ‘चालू हो’ एवढा इशारा देते. हे रंग स्टिरिओच्या बाजूचे. गाडीच्या बाजूच्या रंगांवर विसंबू नका, तिथे मोजूनच ठरवा.

स्टिरिओ सोडवा, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब बॉडीच्या उघड्या धातूला लावा. चावी काढलेली असताना गाडीकडच्या आयएसओ कपलरची ४ आणि ७ नंबरची पिन मोजा. नेहमीच्या मांडणीत ४ वर १२ व्होल्ट आणि ७ वर शून्य यायला हवं. काही गाड्यांत हे नेमकं उलट असतं, म्हणून बऱ्याच अडॅप्टरमध्ये पिवळ्या-लाल वायरवर बुलेट जोड (ओढून सुटणारे गोल जोड) दिलेले असतात. बॅटरीची निगेटिव्ह काढून ते जोड अदलाबदल करा.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं. वायर उलट असतील तर स्टिरिओचा सगळा करंट चावीवरच्या बारीक वायरमधून ओढला जातो आणि जोरात वाजवलं की तिथेच व्होल्टेज पडतं. त्यामुळे आधी हे करा, मग दुसरं बघा.

उत्तर २

वरच्यात एक भर. लोड नसताना, म्हणजे स्टिरिओ करंट ओढत नसताना, मल्टिमीटर फसवतो. गंजलेल्या पिनमधूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. मोजायचं ते स्टिरिओ जोरात वाजत असताना.

एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा स्टिरिओच्या मागे काळ्या वायरवर, कपलर न काढता. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ संशयास्पद, अर्ध्या व्होल्टवर गेलं तर दोष तिथेच. मग हीच चाचणी बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि पिवळी वायर यांच्यात.

प्रश्नकर्ता

चावीशिवाय ४ वर शून्य, ७ वर १२.४ मिळाले. जोड बदलले, मेमरी आता टिकते. रीस्टार्ट मात्र अजून होतो. लोडवर काळीवर ०.९, पिवळीवर ०.१५. सेल्फ मारतानाही स्क्रीन क्षणभर जाते, तेही याच कारणाने का?

उत्तर २

०.९ म्हणजे अर्थच. २.५ चौरस मिमीची नवी, शक्य तेवढी आखूड वायर घ्या, टोकाला रिंग टर्मिनल क्रिंप करा (दाबून घट्ट बसवा) आणि रंग खरवडून चकचकीत केलेल्या बॉडीच्या बोल्टला आवळा. स्टिरिओच्या पत्र्याच्या ब्रॅकेटला किंवा डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधल्या स्क्रूला अर्थ देऊ नका. काळी वायर कमजोर असली की करंट अँटेनाच्या केबलच्या जाळीतून परततो आणि इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते.

सेल्फ मारताना स्क्रीन जाणं बहुतेक गाड्यांत स्वाभाविक आहे. त्या क्षणी चावीवरचा सप्लाय तोडलेला असतो. ते टाळायला लाल वायर पिवळीला कायमची जोडू नका. स्टिरिओ झोपणारच नाही आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरेल.

उत्तर १

अर्थ केल्यावरही रीस्टार्ट झाला तर स्पीकरच्या वायर बघा. या स्टिरिओंचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं, म्हणजे स्पीकरची मायनसही जिवंत असते. ती दरवाज्याच्या पत्र्याला लागली की स्टिरिओ प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे बचावासाठी स्वतःच बंद होतो. कपलर काढून प्रत्येक जोडी ओहमवर मोजा: ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. कोणत्याही स्पीकर वायर आणि बॉडीमध्ये मात्र काहीच जोड दिसता कामा नये.

आणि फ्यूज वाढवून बघू नका. स्टिरिओच्या मागे १५ अँपिअरचा असेल तर १५चाच राहू द्या. २५चा टाकला तर फ्यूजऐवजी वायर तापेल.