किल्ली कुणाकडे?

"स्टँडवर हिरकणी कक्ष असताना बायका उघड्यावर का पाजतात?" असं कुणी कुणी विचारतं. हिरकणी कक्ष म्हणजे बाळाला अंगावर पाजायला आडोशाची खोली. कक्ष आहे, पण कुलूप लावलेला, आणि किल्लीवाले चहाला! माझी लेक चार महिन्यांची असताना शेवटी बाकावरच ओढणी घेऊन बसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमदार सरोज अहिरे बाळाला घेऊन विधानभवनात आल्या, तर तिथल्या हिरकणी कक्षातही धूळ. त्या बोलल्या म्हणून बातमी तरी झाली. तालुक्याच्या स्टँडवरच्या बाईनं कुणाला सांगायचं?

शिवाय बाळाला भूक चालत्या गाडीतही लागते, तिथं कुठला कक्ष? एकदा शेजारच्या नऊवारीतल्या आजींनी मला खिडकीकडे सरकवलं आणि स्वतः पदर पसरून आडव्या बसल्या. "पाज गं बिनघोर, मी हाय हितं."