गुडघ्यातलं इंजेक्शन: पैसे पाण्यात की वेचणीपुरता आधार?

कोरडवाहू (यवतमाळ): आमच्या तालुक्यात सध्या झिजलेल्या, दुखऱ्या गुडघ्यांच्या शिबिरांचं पीक आलंय. ‘जेल’ टोचा, पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटवाला भाग) टोचा, गुडघा नवा! माझं मत स्पष्ट आहे, पैसे वाया. जेलच्या, म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडच्या, १६९ चाचण्यांचा आढावा २०२२ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मोठ्या चाचण्यांत खोट्या इंजेक्शनपेक्षा फरक निघाला तो इतका बारीक, की रुग्णाला जाणवूही नये. पीआरपीची २०२१ची ऑस्ट्रेलियातली चाचणी घ्या. २८८ रुग्ण, वर्षानंतर दुखणं सलाइन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, टोचलेल्यांइतकंच.

वऱ्हाडी गडी: भाऊ, माह्या मायनं पीआरपी घेतलं. आता वावरात जाते. हे खोटं हाय का?

कोरडवाहू: खोटं कशाला? आराम सलाइनवाल्यांनाही पडला होता. ठणका अगदी चढला की माणूस दवाखाना गाठतो. तो काही दिवसांनी उतरतोच, अन् श्रेय सुईला.

वर्ध्याची फिजिओ: पण सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनला त्याच पोत्यात भरू नका. काही आठवडे त्याचा उपयोग होतो. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते; तेवढे आठवडे बाईच्या हाती लागले तर ते थोडं नाही.

कोरडवाहू: ताई, २०१७ची ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातली चाचणी? दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड, दोन वर्षं. कूर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांवरची गादी, सलाइनवाल्यांपेक्षा जास्त झिजली, दुखण्यात मात्र फरक नाही.

वर्ध्याची फिजिओ: ती आठ इंजेक्शनं झाली. मी हंगामात एकाबद्दल बोलतेय. वारंवार नकोच. शुगर असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, काही दिवस ती वाढते. आणि लांबचा विचार केला तर व्यायामच सरस. २०२०च्या अमेरिकी चाचणीत १५६ जण होते. वर्षअखेर फिजिओथेरपीवाले स्टेरॉइडवाल्यांच्या पुढे होते.

वऱ्हाडी गडी: अन् त्या फिजिओसाठी मजुरी बुडवून जिल्ह्याले कोन जाईन? निंदणाले उकिडवं बसाच लागते, ते कोनत्या चाचणीत होतं?

वर्ध्याची फिजिओ: हे खरंय, आमच्याकडे येणं परवडत नाही. पण मांडीचा व्यायाम घरी होतो. खाटेवर बसून पाय सरळ करायचा, थोडं धरायचं, सोडायचं. एकदा नीट शिकून घ्या, रोज करा.

वऱ्हाडी गडी: करतो म्हना तिले. शुगरबी मोजून घेतो. पन गुडघा धरला त वेचणीच्या टायमाले एक सुई देणारच मी मायले.

कोरडवाहू: द्या. पण पावतीवर औषधाचं नाव लिहून घ्या. शिबिरात निव्वळ ‘गुडघ्याचं इंजेक्शन’ लिहून मोकळे होतात.