जॅक डेव्हिस: नाटककार की नुसता साक्षीदार?

वाटसरू:
काल 'सडेतोड' यांनी लिहिलं की ऑस्ट्रेलियातले आदिवासी नाटककार जॅक डेव्हिस यांना मान मिळाला तो गोऱ्यांच्या अपराधी भावनेमुळे. साठीनंतर नाटकं लिहिली, त्यातल्या 'द ड्रीमर्स'मध्ये म्हाताऱ्याचं काम केलं, 'त्यात अभिनय कसला, स्वतःच येऊन बसायचं'. ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

डेव्हिस १९१७ चे. पोरवयात मूर रिव्हरला, आदिवासींना नेऊन ठेवायच्या सरकारी वसाहतीत, काही महिने काढले. नुंगार ही आपल्या लोकांची भाषा त्यांना घरात आयती मिळाली नाही, पुढे ब्रूक्टनच्या वस्तीत राहून शिकले. आणि मग 'द ड्रीमर्स'मधलं वोरू हे म्हाताऱ्याचं पात्र लिहिलं, ज्याच्या तोंडी नुंगार येते आणि घरातल्या पोरांना निम्मी कळत नाही. ते काम स्वतः केलं. मोठेपणी शिकलेली भाषा रंगमंचावर मरत्या म्हाताऱ्याच्या तोंडून बोलणं, याला 'स्वतःच येऊन बसणं' म्हणता? त्यांच्याआधी तिथे आपल्या लोकांची गोष्ट रंगमंचावर कोणी आणलीच नव्हती.

सडेतोड:
शेवटचं वाक्य साफ चूक. केव्हिन गिल्बर्ट या दुसऱ्या आदिवासी लेखकाचं 'द चेरी पिकर्स' १९७१ लाच झालं, डेव्हिसचं 'कुलार्क' १९७९ चं. भक्तीत तारखा विसरू नका. आणि डेव्हिसच्या 'नो शुगर' नाटकात नाट्य कुठे आहे? प्रसंगामागून प्रसंग, अन्याय, अन्याय, अन्याय. जे घडलं ते लिहून काढलं म्हणजे नाटक होत नाही.

वाटसरू:
गिल्बर्टचं बरोबर, ते वाक्य मागे घेतो. बाकी काही नाही.

'नो शुगर'चा सुरुवातीचा प्रसंग आठवा. नॉर्दमच्या पोलीस ठाण्यात बाया शिधा घ्यायला आल्यात. पीठ, साखर, चहा मिळतो. मिली साबण मागते, तर फौजदार सांगतो की साबण बंद झाला. पुढे याच लोकांना खरजेचं निमित्त करून मूर रिव्हरला हलवतात, १९३३ साली खरंच हलवलं होतं. आधी साबण बंद, मग खरजेचा ठपका. कोणी भाषण ठोकत नाही, हे तुमचं तुम्हाला जुळवावं लागतं. ही रचना नाही तर काय?

वैनगंगाकाठी:
मी गडचिरोलीतल्या वडशाचा. डेव्हिस वाचलेले नाहीत, पण भाषेचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. कॉलेजात असताना एका स्पर्धेत आम्ही झाडीबोलीत, म्हणजे आमच्याकडच्या मराठी बोलीत, एकांकिका केली. परीक्षक म्हणाले, विषय चांगला आहे, पण भाषा शुद्ध करा, प्रेक्षक हसतील. प्रेक्षक हसले नव्हते हो. पुढच्या रांगेत माझी आजी रडत होती. आमच्याकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, तिकीट काढून लोक थंडीत बसतात. २०२३ साली आमच्या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईत किती जणांना नाव माहीत होतं?

सडेतोड:
झाडीपट्टीचा इथे काय संबंध? ती व्यावसायिक रंगभूमी आहे, आदिवासी रंगभूमी नव्हे. गडचिरोली म्हटलं की सगळं आदिवासी, ही गल्लत शहरातल्यांची असते, तुम्ही तरी करू नका.

वैनगंगाकाठी:
मी आदिवासी शब्द लिहिलाच नाही, वर जाऊन वाचा. बोलीवर बोललो. आणि गोंडीचंच म्हणाल, तर माझ्या वर्गात गोंडी बोलणारी सहा पोरं होती. मास्तरांनी कधी त्यांच्याकडून एक ओळ वदवून घेतली नाही. गॅदरिंगला मात्र त्यांनाच पिसं लावून नाचवायचे. त्यातलं एक पोरगं नक्कल अशी करायचं की सगळा वर्ग गप्प व्हायचा. त्याला कोणी संवाद दिला नाही. याचा संबंध नाही म्हणता?

पर्थची माहेरवाशीण:
भांडू नका. मी पर्थला अकरा वर्षं आहे. माझ्या लेकीला शाळेत 'नो शुगर' होतं. मूर रिव्हरमधल्या लोकांना नेव्हिलसमोर, म्हणजे सरकारने आदिवासींवर नेमलेल्या 'मुख्य संरक्षका'समोर, सुखी देशाचं स्तोत्र म्हणायला लावतात आणि ते शब्द बदलून गातात, चहात साखर नाही म्हणतात, तो प्रसंग ती घरात मोठ्याने वाचत होती. मध्येच थांबून म्हणाली, आई, हे इथून दोन तासांवर आहे. आम्ही त्या रस्त्याने सहलीला गेलो होतो, मला काही माहीत नव्हतं. सडेतोड, पर्थला पहिला प्रयोग झाला तेव्हा प्रेक्षकांना एका जागी बसू दिलं नव्हतं, प्रसंगामागे फिरावं लागायचं. तुम्ही ते नुसतं छापील वाचलंय.

सडेतोड:
हो, छापीलच वाचलंय. साबणाचा धागा माझ्याकडून सुटला, तेवढं मान्य. डेव्हिसचं 'बारुंगिन' हे नाटक मला अजूनही सैल वाटतं आणि ते मी बदलणार नाही. अभिनयाबद्दल लिहिलं ते न बघता लिहिलं. ते वाक्य काढतो.

वाटसरू:
काढा. 'बारुंगिन'वर वेगळा धागा काढा, तिथे भांडू. वैनगंगाकाठी, तुमच्या एकांकिकेची वही आहे का अजून?

वैनगंगाकाठी:
आहे. परीक्षकांच्या लाल खुणांसकट.