कार्यालयातून एफटीपी लॉगिन होते, पण फोल्डरची यादी येत नाही

प्रश्न
नमस्कार. मी एका कंपनीच्या प्रकाशन विभागात काम करतो आणि वार्षिक अहवालाच्या पीडीएफ फाइली छापखान्याच्या एफटीपी (नेटवर्कवरून फाइली पाठवण्याची पद्धत) सर्व्हरवर चढवायच्या आहेत. घरच्या इंटरनेटवर याच लॅपटॉपवरून, फाइलझिला या याच एफटीपी प्रोग्राममधून आणि याच पासवर्डने काम विनासायास होते. कार्यालयात मात्र वीस सेकंद थांबून कनेक्शन तुटते आणि यादी मिळाली नसल्याचा संदेश येतो. छापखान्याने दोनदा पासवर्ड बदलून दिला, तरी फरक पडलेला नाही. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदीत, सर्व्हरच्या उत्तरांचे २३४, ३३१, २३० आणि २२७ हे आकडे ओळीने दिसतात व पुढे सारे थांबते. शुक्रवारपर्यंत फाइली पोहोचायलाच हव्यात, म्हणून नेमके कारण कळले तर फार मदत होईल.

उत्तर १
पासवर्डचा यात दोष नाही; तो चुकला असता तर ५३० आला असता, आणि २३० म्हणजे लॉगिन झालेले आहे. एफटीपीला दोन कनेक्शन लागतात: २१ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे कनेक्शनसाठीचे क्रमांकित दार) आज्ञा जातात, तर प्रत्येक यादीसाठी आणि फाइलसाठी वेगळ्या पोर्टवर दुसरे कनेक्शन उघडावे लागते. ते पोर्ट २२७ च्या ओळीतच असते. कंसातल्या सहा आकड्यांपैकी पहिले चार म्हणजे पत्ता, आणि पाचव्याला २५६ ने गुणून त्यात सहावा मिळवला की पोर्ट निघते. शेवटचे दोन आकडे १९५ आणि ८० असतील, तर ४९९२० अधिक ८०, म्हणजे ५००००. आपल्या कार्यालयाची फायरवॉल, म्हणजे कनेक्शनवर पहारा ठेवणारी यंत्रणा, २१ सोडते आणि हे दुसरे पोर्ट अडवते, असे दिसते. ॲक्टिव्ह मोड लावून पाहण्यात वेळ घालवू नका. त्यात सर्व्हर उलट आपल्या संगणकाकडे कनेक्शन उघडू पाहतो, आणि ते तर फायरवॉल हमखास अडवते.

उत्तर २
वरील उत्तर बरोबर आहे, पण २३४ कडेही लक्ष द्यावे. त्याचा अर्थ आज्ञांचे कनेक्शन टीएलएस या सुरक्षा पद्धतीने कूटबद्ध होत आहे. साध्या एफटीपीत पुष्कळ फायरवॉल २२७ ची ओळ स्वतः वाचून तेवढे पोर्ट तात्पुरते उघडतात. टीएलएसमध्ये त्यांना ती ओळ वाचताच येत नाही. म्हणून कोणी टीएलएस बंद करायला सुचवले, तर कृपया ऐकू नका, कारण मग पासवर्ड आणि अप्रकाशित अहवाल दोन्ही उघड्यावर जातील. छापखान्याकडून पॅसिव्ह पोर्टांची, म्हणजे दुसऱ्या कनेक्शनसाठी सर्व्हर देतो त्या पोर्टांची, निश्चित मर्यादा लिहून घ्या आणि केवळ त्या एका सर्व्हरपुरती ती उघडण्याची विनंती आयटी विभागाला करा. छापखान्याकडे एसएफटीपी (फाइली पाठवण्याची वेगळी, कूटबद्ध पद्धत) असेल तर उत्तमच. त्यात सारे काम बहुधा २२ या एकाच पोर्टवर होते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. माझ्या लॉगमध्ये शेवटचे आकडे १९५ आणि ११२ होते, म्हणजे पोर्ट ५००३२. छापखान्याने ५०००० ते ५०१०० ही मर्यादा कळवली आणि लॉगमधली ती ओळ जोडल्यामुळे आयटी विभागाने फारसे प्रश्न न विचारता परवानगी दिली. आज दुपारी यादी दिसली आणि सर्व फाइली चढल्या. एसएफटीपीसाठी छापखान्याला वेगळे पत्र पाठवले आहे.