मदत हवी आहे: पहाटेच्या धुक्यातले फोटो मळकट येतात

पहाटवेडा:
नदीकाठी धुक्यातले फोटो काढतोय, डोळ्यांना पांढरंशुभ्र दिसतं आणि कॅमेऱ्यात मळक्या फडक्यासारखं करडं येतं, वर फोकस लागत नाही, लेन्स नुसती पुढेमागे करत बसते. सेटिंग सगळं बरोबर आहे. उद्या पहाटे परत जातोय, जरा लवकर सांगा.

करडी_मांजर:
"सगळं बरोबर" म्हणजे नक्की काय? कॅमेरा, मोड, फाइल रॉ (कच्ची, नंतर सुधारता येणारी) की जेपीजी (कॅमेऱ्यानेच तयार केलेली)? इथे कुणी ज्योतिषी नाही.

पहाटवेडा:
डीएसएलआर, किट लेन्स, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र मी ठरवतो, शटर कॅमेरा), जेपीजी. त्याने काय फरक पडतो?

करडी_मांजर:
पडतो ना. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्या धुक्यालाही ओढून करडं करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) +१ ला ठेव, मग हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ दाखवणारा आलेख) बघ, उजवीकडे सरकायला हवा पण कडेला आपटायला नको. आणि रॉ मध्ये काढ बाबा.

जुना_रोलवाला:
प्लस-मायनसच्या भानगडी कशाला, सरळ मॅन्युअल मोड. आम्ही रोलवर काढायचो तेव्हा हिस्टोग्राम कुठे होता?

करडी_मांजर:
काका, सूर्योदयाला उजेड सारखा बदलतो, तुम्ही डायल फिरवेपर्यंत होडी निघून जाते.

जुना_रोलवाला:
आमची नाही गेली कधी.

धबधबेकर:
पाणी दुधाळ हवं असेल तर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड दहा वेळा निम्मा करणारी गडद काच) घ्या. १/१५ सेकंदाचं शटर मिनिटभराच्या वर जातं, जबरदस्त इफेक्ट येतो.

पहाटवेडा:
अहो पाण्याचं कोण विचारतंय? फोकसचं सांगा कुणीतरी.

ट्रायपॉडशिवाय_नाही:
ऑटोफोकसला कॉन्ट्रास्ट लागतो, धुक्यात तो नसतोच. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) झूम करून होडीची कड किंवा पाण्यातला खांब असं काहीतरी गडद पकडा, फोकस लागला की लेन्सवरचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकस) टाका आणि रिंगला हात लावू नका. ट्रायपॉड आहे ना?

पहाटवेडा:
आहे. पण फोकस लागलेले फोटोपण मधोमध धूसर आहेत, कडेला जरा बरे.

करडी_मांजर:
मधोमध?? हे आधी का नाही सांगितलंस. कॅमेरा रात्री कुठे असतो?

पहाटवेडा:
एसी लावलेल्या खोलीत. का?

करडी_मांजर:
मग अर्धं धुकं नदीवर आणि अर्धं तुझ्या काचेवर! काच बाहेरच्या दमट हवेपेक्षा थंड असली की तिच्यावर बाष्प धरतं. पुसून उपयोग नाही, परत धरतं. निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी बॅग बंदच ठेवून बाहेर काढून ठेव, आणि तिथे गेल्यागेल्या लेन्स बदलू नकोस, सेन्सरवर धरेल.

मोबाईलगुरू:
एवढं कशाला, फोनवर काढा आणि एडिट करताना डीहेझ (धूसरपणा कमी करणारं टूल) मारा, एकदम क्लिअर.

ट्रायपॉडशिवाय_नाही:
धुक्याच्या फोटोतलं धुकं काढायचं? मग दुपारीच जा की.

मोबाईलगुरू:
थोडंसं मारायचं हो, पूर्ण नाही. लोक वाचतच नाहीत.

पहाटवेडा:
बॅग ठेवतो बाहेर. रात्रभर ढगाळ दाखवतायत, मग धुकं असेल का?

करडी_मांजर:
ढग असले की जमिनीची उष्णता अडते, जमीन फारशी गार होत नाही, त्यामुळे शक्यता कमी. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प धरायला लागतं) बघ, दोन्ही जवळजवळ सारखे आणि वारा पडलेला असेल तरच गजर लाव.

धबधबेकर:
धुकं नसेल तर एनडी फिल्टर कामाला येईल.