‘काप्टा’ला मराठीत काय म्हणावं : काबीज की पाडाव?

प्रश्न : रोमन सम्राट व्हेस्पेशियनने इ.स. ७१ मध्ये पाडलेल्या नाण्यांवर ‘युडेआ काप्टा’ अशी लॅटिन अक्षरं आहेत. आदल्याच वर्षी त्याचा मुलगा टायटस याने जेरुसलेम घेतलं होतं. युडेआ म्हणजे मराठी बायबलातलं यहूदीया. पण ‘काप्टा’चं काय करायचं? ‘विजयी’ लिहिलं तर अर्थच उलटा होतो आणि ‘जिंकलेली’ फार सपक वाटतं.

– ‘काबीज’ लिहा की सरळ. गड काबीज, मुलूख काबीज, सगळ्यांना कळतं.

– मुलखापुरतं ठीक आहे, पण नाण्याची मागची बाजू बघा. सेस्टर्शियस नावाच्या रोमन नाण्याच्या एका प्रकारात मधोमध खजुराचं झाड आहे. डावीकडे भाला घेऊन उभा सम्राट, पाय शिरस्त्राणावर. उजवीकडे हातावर डोकं टेकून बसलेली बाई. ही बाई म्हणजेच यहूदीया! मूळ लॅटिन क्रियापद ‘कापेरे’, म्हणजे धरणे, घेणे. त्यात मुलूखही येतो आणि माणूसही. बाई काबीज झाली असं आपण म्हणत नाही. बखरींतली माणसं ‘पाडाव’ होतात, तोच शब्द इथे बसतो.

– बखरीत बसेल. आज ‘पाडाव’ वाचला की निवडणुकीतला पराभवच आठवतो. बाईचंच चित्र असेल तर ‘बंदिवान यहूदीया’ का नको?

– त्यात व्याकरणाची एक गंमत आहे. त्याआधी पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या चांदीच्या नाण्यावर मगर आणि ‘एगिप्टो काप्टा’ आहे. ती रचना आपल्या संस्कृतातल्या सति सप्तमीसारखी : ‘इजिप्त घेतल्यावर’. तिथे ‘बंदिवान’ चालणारच नाही. ‘युडेआ काप्टा’ मात्र प्रथमेत आणि त्या रचनेतल्या विभक्तीत सारखंच लिहिलं जातं, कारण नाण्यावर ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाहीत. बाई समोर बसलेली असल्यामुळे मी प्रथमाच धरेन, म्हणजे इथे ‘बंदिवान’ चालू शकेल.

नंतरचा सम्राट ट्रेजन याच्या नाण्यांवर तर अरबस्तानासाठी ‘काप्टा’ नाहीच, ‘अड्क्विसिटा’ आहे, तेही संक्षेपात लिहिलेलं. म्हणजे ‘मिळवलेली’. नबातियन नावाच्या अरब लोकांचं राज्य इ.स. १०६ मध्ये रोमने खालसा केलं, त्याची ही नाणी. दोन्हींना एकच मराठी शब्द लावला तर रोमनांनी मुद्दाम केलेला फरक पुसला जाईल.

– जाता जाता : ‘ब्राँझची नाणी’ असं सरसकट लिहू नका. सेस्टर्शियस तांबं आणि जस्त मिळून केलेला, म्हणजे चक्क पितळेचा. मराठीत पितळ आणि कांसं असे दोन वेगळे शब्द आहेत, ते वापरायला काय हरकत आहे?