नवा सायलेन्सर, तरी जोडातून गळती

प्रश्न : माझ्या डिझेल ट्रकला बाजारातला सायलेन्सर बसवून आठवडा झाला. इंजिन थंड असताना फ्लँजपाशी (दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या कडेपाशी) टिक्‌टिक् आवाज येतो आणि तापल्यावर तो कमी होतो. नट आणखी आवळावेत का?

उत्तर : नुसते आवळत गेलात, तर गंजलेला स्टड (नट बसतो तो आटेदार दांडा) तुटेल आणि गळती तशीच राहील. धातू तापून प्रसरण पावला की फट मिटते, म्हणून आवाज दबतो. जोडाभोवती काजळीचा पट्टा आहे का ते पाहा. नसल्यास थंड इंजिनावर टेलपाइपमधून ब्लोअरने हवा सोडून जोडांना साबणाचे पाणी लावा, म्हणजे बुडबुडे नेमकी जागा दाखवतील.

दुसरे उत्तर : जुनेच गॅस्केट (जोडातली फट बुजवणारी चकती) पुन्हा बसवले असेल, तर (आमच्या मिस्त्रींनीही तेच केले होते) ते आधी बदला. सर्व बोल्ट सैल करून पाइप रबरी हँगरवर ताणाविना लोंबू द्या, मग इंजिनाकडून मागे येत आवळा. केबिनखालची गळती मात्र अंगावर काढू नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो केबिनमध्ये शिरला तरी कळत नाही.

प्रश्नकर्ता : फ्लँजच्या वरच्या कडेला काजळी सापडली, पाइप तिरपा ओढला गेला होता. नवे गॅस्केट आणतो.